दुपारची पाळी

१

लॅपटॉप पहिल्यांदा बंद पडला तेव्हा आम्ही पूल बांधत होतो. म्हणजे पूल इमी बांधत होती, मी आपला लाकडं तोडून आणून देत होतो. इमी माझी मुलगी, अकरा वर्षांची. ती पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बनबरीला तिच्या आईकडे असते आणि मी तिथून हजारभर किलोमीटर वर, लोखंडाच्या खाणीवर. चौदा दिवस काम, सात दिवस सुट्टी. कामाच्या दिवसांत रोज संध्याकाळी सात ते आठ आम्ही दोघं कॉम्प्युटरवरच्या एका खेळातल्या नदीकाठी भेटतो. बाप म्हणून माझ्या वाट्याला एवढा एक तास उरला आहे. रेनेने, म्हणजे इमीच्या आईने, तो दिलाय आणि पुन्हा एकदा मुलीला रडवलंस तर हाही बंद, असं तिने मला स्पष्ट सांगितलेलं आहे.

तर आधी पंखा घरघरला. मग त्याचा आवाज वाढत वाढत पार किंचाळण्यावर गेला आणि पडदा काळा. परत चालू होईपर्यंत सात मिनिटं गेली.

"कुठे गेला होतास?" इमीचा आवाज कानात आला.

"यंत्र तापलं गं. सेहेचाळीस डिग्री आहे इथे आज."

"तुझं नेहमी काहीतरी असतंच, बाबा."

हे ती रागावून म्हणत नाही, त्याचाच त्रास होतो. आज बस उशिरा आली, इतक्या सहज म्हणते.

२

मी डंपरचा मेकॅनिक आहे. दोनशे टन दगड पाठीवर घेऊन चढ चढणाऱ्या गाड्यांची इंजिनं थंड ठेवायची, यावर माझं वीस वर्षं पोट चाललंय. तीन किलोच्या लॅपटॉपपुढे हात टेकले असते तर मला आरशात तोंड बघायची लाज वाटली असती.

तळाचे अकरा स्क्रू काढले. आत इथली लाल धूळ, पंख्याच्या पात्यांवर जाड थर. ती इथे सगळ्यांतच असते, ब्रेडमध्येसुद्धा. वर्कशॉपमधल्या दाबाच्या हवेने ती उडवली, चिपवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. कँटीनमधून केक गार करायची जाळी आणली आणि लॅपटॉप तिच्यावर ठेवला. खोलीतला एसी अठरावर.

"बाळंतिणीचीसुद्धा एवढी बडदास्त नसते," शेजारच्या खोलीतला फिंटन म्हणाला. तो आयरिश, माझ्याच पाळीचा, जिभेला हाड नाही. "नवा घे की रे चिकट्या."

"यात काय बिघडलंय ते कळल्याशिवाय नाही घेणार."

"वॉरिक, बायको गेली तेव्हाही तू हेच म्हणाला होतास."

मी हसलो. तो हसण्यासारखंच बोलतो.

त्या संध्याकाळी पूर्ण एक तास लॅपटॉप सुरळीत चालला. आठ वाजता मी तो बंद केला, झाकण मिटलं आणि वायरही काढून ठेवली. सकाळी पाच वाजता खोलीबाहेर पडलो तेव्हा तो टेबलावर गारच होता. डबा उचलताना माझा हात त्याला लागला होता, म्हणून पक्कं आठवतंय.

संध्याकाळी साडेसहाला परत आलो, झाकण उघडायला हात लावला आणि झटकन मागे घेतला. दिवसभर बंद असलेला, वायर काढलेला, अठरा डिग्रीच्या खोलीत ठेवलेला लॅपटॉप गरम होता. चटका बसण्याइतका नाही. मांजर उठून गेल्यावर खुर्ची असते, तसा.

३

मी कारणं शोधली. आमच्या खोल्या म्हणजे पत्र्याचे डबे, चार-चार एका ओळीत. माझी पश्चिमेच्या टोकाची, दुपारनंतरचं ऊन भिंतीवर. पण टेबल त्या भिंतीला नाही. बॅटरी आतून फुगत असेल म्हणून बॅटरी तपासली, ती ठणठणीत. दुपारी वीज जात असेल, एसी बंद पडत असेल, म्हणून छावणीच्या ऑफिसात विचारलं. वीज गेलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमधली तापमान मोजायची बंदूक खिशात घालून आणली. चाकांचे बेअरिंग तापलेत का हे आम्ही तिने लांबूनच बघतो. संध्याकाळी दार उघडल्या उघडल्या लॅपटॉपवर धरली. सदतीस. दहा मिनिटांनी सदतीस. अर्ध्या तासाने सदतीस.

तापलेली वस्तू निवत जाते. मी आयुष्यभर हेच बघत आलोय. एका आकड्यावर थांबून राहणारी तापलेली वस्तू मला माहीत नव्हती, म्हणजे माहीत होती, पण तिला वस्तू म्हणत नाहीत. बंदूक बिघडली असेल म्हणून मी ती स्वतःच्या कपाळावर धरली. सव्वीस आलं. असल्या बंदुका माणसांसाठी नसतात, काहीही दाखवतात, असं म्हणून मी ती खिशात टाकली.

सात वाजता खेळात गेलो, तर नदीवरचा पूल पुरा झाला होता. कठड्यासकट. कठड्यावर कंदील.

"कधी केलास गं हा?"

"मी कुठे? आपण केला. दुपारी."

"दुपारी मी ट्रकखाली असतो, इमी."

"हो का?" ती हसली. "मग मजा करत होतास वाटतं ट्रकखाली."

मला वाटलं तिची कुणी मैत्रीण असेल, मैत्रिणीचा बाप असेल. शाळेला सुट्ट्या होत्या, दिवसभर ती त्या खेळातच असणार. मी विषय वाढवला नाही. तासातली दहा मिनिटं भांडणात घालवायची माझी ऐपत नव्हती.

४

नायरी आमच्या ओळीतल्या खोल्या साफ करते. माओरी बाई, साठीला आलेली, सगळ्या खाणीला पोटच्या पोरांसारखं दटावते. रविवारी सकाळी आमचं काम दोन तास उशिरा सुरू होतं, तेव्हा ती मला व्हरांड्यात भेटली.

"तुझ्या चादरी आज तरी दे बाबा. आठवडा झाला, वास मारत असतील."

"मग बदलायच्या ना. मी कुठे अडवलंय?"

"लाल पाटी लावून ठेवतोस दारावर, आणि वर मलाच विचारतोस."

इथल्या प्रत्येक दारावर चुंबकाची पाटी असते, एका बाजूने हिरवी, एका बाजूने लाल. लाल म्हणजे आत रात्रपाळीचा माणूस झोपलाय. मग ते दार वाजवायचं नाही, तिथे बोलायचं नाही, बूट आपटायचे नाहीत. आग लागली तरी आधी पाटी बघतील, असं आम्ही म्हणतो. न झोपलेल्या माणसाने दोनशे टनाचा डंपर चालवला की काय होतं हे आम्ही बघितलेलं आहे. लाल पाटीखाली ड्रिल चालवलं म्हणून एकाची नोकरी गेली, आणि त्याची कीव कुणालाही आली नाही.

"नायरी, मी महिनाभर दिवसपाळीत आहे. माझी पाटी हिरवीच असते."

"सकाळी हिरवी. जेवणानंतर येते तेव्हा लाल." ती चादरींची पिशवी काखेत मारून माझ्याकडे बघत राहिली. "आणि आत तू असतोस. तुझा खोकला मला कळत नाही होय? झोपेत बडबडतोस, हसतोस. मी म्हटलं, पाळी बदलली असेल पोराची. चेहरा बघ केवढासा झालाय."

ऑफिसात जाऊन मी दाराची नोंद काढायला लावली. दार सकाळी पाचला आणि संध्याकाळी साडेसहाला उघडतं, दोन्ही वेळा माझ्याच कार्डाने. मधे कधीही नाही. "काही चोरीला गेलंय का?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं. मी नाही म्हणालो.

५

त्या संध्याकाळी इमीने काहीच बांधायला घेतलं नाही. आम्ही पुलावर उभे होतो, म्हणजे आमची चित्रं उभी होती. मग ती म्हणाली, "बाबा, मी विचार केला त्याचा. मी नाही रागावले."

"कशाचा?"

"विमानाचं रे. तू दुपारी सांगितलंस ते."

गेल्या मार्चमध्ये इमीचं अपेंडिक्स फुटलं. तीन दिवस ती हॉस्पिटलात माझी वाट बघत होती. वादळामुळे विमान रद्द झालं, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांना ते पटलं. विमान रद्द झालं नव्हतं. माझी जागा ठेवलेली होती. मी धावपट्टीपर्यंत गेलो, आणि तिला नळ्या लावलेलं बघावं लागेल या भीतीने शेडच्या मागे बसून राहिलो, विमान उडून जाईपर्यंत. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. दारूतसुद्धा नाही.

"काय सांगितलं मी?" मी विचारलं.

"की तू घाबरला होतास. शेडच्या मागे बसला होतास. आणि तू रडलास. मग मीपण रडले." पुढे ती म्हणाली, "मला आधी वाटायचं तुला यायचंच नव्हतं. आता बरं वाटतंय."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ती मागून झाली होती. एक वर्ष घशात अडकलेलं बोलणं दुसऱ्या कुणीतरी माझ्या आवाजात बोलून टाकलं होतं, आणि बरंच चांगलं बोललं होतं.

"दुपारी तू कसा छान असतोस," इमी म्हणाली. "संध्याकाळी सारखा घड्याळ बघतोस."

६

सोमवारी मी लॅपटॉप पिशवीत घालून कामावर नेला. बॅटरी काढून वेगळी, डब्यात सँडविचशेजारी. दिवसभर दर तासाला जाऊन हात लावत होतो. लॅपटॉप गार, पूर्ण गार.

फिंटन चहा पिता पिता म्हणाला, "पोराला पाळणाघर मिळालं नाही वाटतं आज."

मला त्याला सगळं सांगावंसं वाटलं. पण काय सांगणार होतो? माझ्या खोलीत कुणीतरी माझ्या मुलीवर माझ्यापेक्षा जास्त माया करतंय, त्याला पकडून द्या?

संध्याकाळी सात वाजता नुसत्या वायरवर लॅपटॉप सुरू केला. इमी आली ती रडवेलीच.

"मी एक वाजल्यापासून बसले होते. तू म्हणालास येतो. साडेपाचपर्यंत बसले."

"अगं, मी..."

"आई म्हणाली, तो असाच आहे. मी तिच्याशी भांडले तुझ्यासाठी. आता परत तेच केलंस."

मागून रेनेचा आवाज आला, "इमी, बंद कर ते." आणि ती गेली. तासातली पन्नास मिनिटं उरली होती. मी त्या पुलावर एकटा उभा राहिलो. लॅपटॉप अजिबात तापला नाही. पंखासुद्धा फिरत नव्हता.

मंगळवारी पहाटे मी बॅटरी परत बसवली. लॅपटॉप जाळीवर ठेवला, तळ मोकळा राहील असा. जाताना एसी अठराचा सोळावर केला, म्हणजे त्याला गरम होऊ नये. हे मी स्वतःच्या हाताने केलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

७

गुरुवारी बाराच्या सुमाराला क्षितिजावर विजा दिसल्या. वीस किलोमीटरच्या आत वीज आली की काम बंद आणि सगळ्यांनी खोलीत, असा नियम. दीड वाजता बसने आम्हाला छावणीत सोडलं. पाऊस नव्हताच, नुसतं पांढरं ऊन आणि वारा.

माझ्या दारावरची पाटी लाल होती.

फिंटन आणि बाकीचे दोघं मागून हसत-बोलत येत होते. पाटी दिसली तसे गप्प झाले आणि चवड्यांवर चालत आपापल्या दारात शिरले. त्यातलं कुणी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

आतून पंख्याचा आवाज येत होता, शेवटच्या टोकाला गेलेला. त्याखाली माझा आवाज. काय बोलतोय ते कळत नव्हतं, पण लय माझी, मधला खोकला माझा. आणि मग इमी हसली. पत्र्यातून, पंख्यातून मला ते ऐकू आलं. ती पाच-सहा वर्षांची असताना अशी हसायची, श्वास अडकेपर्यंत. माझ्यासोबत ती अशी कधी हसली होती ते मला आठवेना.

कार्ड हातात होतं. दार माझं होतं.

खिडकीला आतून चंदेरी कागद लावलेला आहे, रात्रपाळीच्या कुणीतरी कधीतरी लावलेला. त्याचा एक कोपरा सुटलाय. मी वाकून डोळा लावला. काच गरम होती. आत पडद्याचा निळा उजेड आणि त्यात एक पाठ, उघडी, घामाने निथळणारी. हेडफोन गळ्यात. टेबलावर डावा हात, मधल्या बोटाचं टोक नसलेला. माझं ते टोक दहा वर्षांपूर्वी डंपरच्या पंख्याच्या पट्ट्यात गेलं.

त्याने मान वळवली नाही. बोलणंही थांबवलं नाही. फक्त तो हात उचलला आणि खिडकीच्या दिशेने, हळूच, खाली दाबला. दोनदा. आत कुणी झोपलं असेल तर आपण बाहेरच्याला करतो तसा. आवाज करू नकोस.

मी आवाज केला नाही. मला म्हणता आलं असतं की मी घाबरून थांबलो, आणि भीती होतीच. पण खरं सांगायचं तर मी कार्ड खिशात ठेवलं ते वेगळ्याच कारणाने. दार उघडलं असतं तर तिचं हसू थांबलं असतं, आणि ते परत सुरू करणं मला जमण्यातलं नव्हतं.

मी पायरीवर बसलो. लोखंडी पायरी तापलेली होती. विजारीतून चटका बसायला हवा होता, तो बसला नाही. थोड्या वेळाने नायरी ढकलगाडी घेऊन आली. तिने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"इथे बसू नकोस राजा," ती कुजबुजली. "आत माणूस झोपलाय."

तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती. नवख्या पोरांशी ती बोलते तशी बोलली, प्रेमाने.

८

सुट्टी लागली. लॅपटॉप टेबलावर तसाच ठेवून मी विमानात बसलो, पर्थहून गाडी घेतली, दोन तासांनी बनबरी. रेनेने दार उघडलं आणि चक्क हसली. "इमी म्हणते तू खूप बदललास. खरंच बरं वाटलं." मग माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आजारी आहेस का? बाराला घेऊन जा तिला, पण एकपर्यंत आणून सोड. तिचं काहीतरी ठरलंय."

मी इमीला समुद्रावर घेऊन गेलो. मासे आणि चिप्स घेतल्या, कागद उघडून आमच्यामधे ठेवला. सीगल जमले. इमी नीट बसली होती, गुडघे जुळवून, पाहुण्यांकडे बसतात तशी. मी विचारलं त्या सगळ्याची तिने उत्तरं दिली. शाळा छान. सुट्टी छान. पोटावरचा टाका आता दुखत नाही.

"मासे आवडले?" मी विचारलं.

"हो. थँक्यू."

मग आम्ही समुद्राकडे बघत बसलो. तिने दोनदा घड्याळ बघितलं. साडेबारा झाले तेव्हा मला राहवलं नाही.

"इमी, एक वाजता कुणाला भेटायचंय?"

"बाबाला."

"मी इथे आहे ना. मी घरी आलोय. तिकडे खोलीत कुणी नाही. लॅपटॉप बंद आहे."

ती रागावली नाही. मोठ्या माणसाची समजूत घालायची वेळ आली की शहाणी मुलं बघतात तसं तिने माझ्याकडे बघितलं, आणि उरलेल्या चिप्सचा कागद हळूच माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही खा," ती म्हणाली. "तुम्हाला थंडी वाजतेय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही आला होतात ते मी बाबाला सांगणार नाही. त्याला वाईट वाटेल."

"नको सांगूस," मी म्हणालो.

मी उठलो, तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. वाटेत दोन सिग्नल लागले, तिसरा मी पिवळ्यावर काढला, तिला उशीर होऊ नये म्हणून. एकाला पाच मिनिटं कमी असताना ती घरासमोर उतरली आणि धावत आत गेली.